मदत हवी आहे: स्क्रॅपबुकची पानं एकमेकांना चिकटली, शनिवारी द्यायचंय

चिकटपट्टी (मंगळवार, रात्री 11:20)
नमस्कार, थेट मुद्द्यावर येते. मिक्स्ड मीडिया स्क्रॅपबुक रविवारी पूर्ण झालं. आज उघडायला गेले तर पानं एकमेकांना चिकटलेली. ओढलं की चर्र आवाज येतो आणि रंगाचा पापुद्रा निघतो. शिवाय पानं पन्हाळीसारखी वाकलीत. शनिवारी द्यायचंय. इथे शोधलं तर सगळे 'सुरुवात कशी करावी' असलेच धागे. सुरुवात झालीय हो, शेवट अडलाय. पटकन सांगा.

घडीघालू
कागद कुठला, किती जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम)? रंग कुठले? गोंद? वरून काही फासलंय का? नुसतं 'चिकटली' म्हटल्यावर निदान करायला इथे कुणी ज्योतिषी नाही.

चिकटपट्टी
कागद जाड. रंग नेहमीचेच. गोंद पांढरा. वही उघडतच नाहीये तर जीएसएम कळून काय होणार?

लगदामास्तर
वाकण्याचं कारण सांगतो. कारखान्यातल्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही, त्यामुळे कागद आडवा ताणला जातो आणि वाळताना रंगाच्या बाजूला ओढला जातो. हातकागदात तंतू चहूकडे विखुरलेले असतात, म्हणून तो असा एकाच बाजूला मुरडत नाही. मी गेली कित्येक वर्षं जुन्या कागदांचा लगदा करून स्वतः पानं पाडतो. साचा आणि वरची चौकट घरी बनवता येते, मिक्सरमध्ये लगदा फिरवायचा, फक्त फार वेळ नाही, तंतू आखूड झाले की कागद ठिसूळ होतो. पुढचं स्क्रॅपबुक हातकागदावरच करा.

चिकटपट्टी
काका, शनिवार. या शनिवारी.

शाईचा_डाग
'नेहमीचेच' म्हणजे ॲक्रिलिक असं धरून चालते. ते हाताला कोरडे लागतात पाऊण तासात, पण जाड थर आतून वाळायला दिवस, कधी आठवडे लागतात. आणि पूर्ण वाळले तरी ते शेवटी प्लॅस्टिकच. ऊब आणि दाब मिळाला की मऊ पडतात आणि समोरासमोरचे दोन थर एकमेकांना धरतात. चकचकीत थर जास्त धरतो, मॅट कमी, कारण मॅटमधली पूड पृष्ठभाग खरखरीत ठेवते. वरून ग्लॉस जेल (चमक आणणारा पारदर्शक थर) वगैरे लावलंय का? आणि वहीवर वजन ठेवलं होतं का?

चिकटपट्टी
ग्लॉस जेल लावलंय, दोन हात, सगळ्या पानांना. चमक यावी म्हणून. आणि हो, पानं वाकली म्हणून सरळ करायला रात्रभर वर जाड पुस्तकं ठेवली होती. सहा. ते सांगायला हवं होतं का?

घडीघालू
हवं होतं का!!! अहो, हाच तर तुमचा अख्खा प्रश्न आहे. पानं वाळायच्या आधी वही बंद करून तुम्ही तिला प्रेसमध्ये घातलीत.

मेणाचा_पुतळा
यावर एकच उपाय, मेण. थंड मेणाची पेस्ट बोटाने पातळ चोळायची, अर्ध्या तासाने मऊ फडक्याने पुसायची. माझी तीन वर्षांपूर्वीची वही आजही पान न पान सुटी उघडते. बाकी सगळे उपाय वेळकाढू.

शाईचा_डाग
मेणाबद्दल दुमत नाही, पण ते चिकटण्याच्या आधी लावायचं असतं. आणि एकदा मेण लावलं की त्यावर नंतर गोंद किंवा रंग नीट बसत नाही, तेही सांगा ना.

मेणाचा_पुतळा
बसतो. माझा बसलाय.

शाईचा_डाग
तीन वर्षं थांबा, मग बोलू.

मोबाईलवेडी
मी हे सगळं ॲपवर करते. ना गोंद, ना पसारा, आणि हवं तेव्हा पान बदलता येतं. चित्रं हवी असतील तर निरोप पाठवा.

कात्रणवेडा
फ्रीझर! वही पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने ॲक्रिलिक कडक होतं, पानं टचकन सुटतात. मी केलंय.

जुना_अल्बम
ॲक्रिलिक थंडीत कडक होतं हे खरं, पण ठिसूळही होतं. फ्रीझरमधून काढून जोर लावलात तर जाड थराचा टवका उडेल. थंडच करायचं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, तेही घट्ट बंद पिशवीत, नाहीतर बाहेर काढल्यावर पानांवर दव धरतं. त्याआधी सांगा, वहीत फोटो आहेत का? असतील तर प्रिंटरवर छापलेले की स्टुडिओतले जुने?

कात्रणवेडा
मी टवका उडालेला पाहिला नाही कधी. उगाच घाबरवू नका.

चिकटपट्टी
फोटो आहेत. मूळ आहेत, जुने, चकचकीत, साधारण 1990 च्या आसपासचे. मैत्रिणीला सरप्राईझ म्हणून तिच्या आईकडून मागून आणले. प्रती काढलेल्या नाहीत. घाईत राहिलं.

जुना_अल्बम
आता हात थांबवा, एकही पान ओढू नका. तशा फोटोंवरचं चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असतं. ओढलंत तर चित्र समोरच्या पानावर जाईल आणि फोटोवर उरेल पांढरा डाग. कुणी गरम हवा देण्याचा सल्ला दिला तर तोही ऐकू नका. हीट गनने ॲक्रिलिक आणखी मऊ होतं, फुगेही येतात.

चिकटपट्टी
हीट गन कालच वापरली. एका पानावर. फुगे आलेत.

घडीघालू
ताई, अजून काय काय सांगायचं राहिलंय ते एकदाच लिहून टाका.

रंगीत_खडू
फोटो पाण्यात भिजवले तर सुटतात ना? आमच्याकडे एकमेकांना चिकटलेले फोटो असेच सोडवले होते.

जुना_अल्बम
नुसते फोटो असतील आणि तेही लॅबमध्ये धुतलेले, तर जिलेटिन पाण्याने फुगून कधीकधी सुटतं. इंकजेटचा असेल तर शाई वाहून जाईल. पण इथे फोटो पानाला डकवलेला, पानावर ॲक्रिलिक, आणि ॲक्रिलिक वाळल्यावर पाण्याने विरघळत नाही. भिजवलंत तर कागदाचा चोथा होईल, रंग जिथल्या तिथे.

त्यापेक्षा दात साफ करायचा फ्लॉस घ्या, मेण न लावलेला. दोन्ही बोटांना गुंडाळा, पानांच्या सुट्या कोपऱ्यातून आत घाला आणि करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे फिरवा. धागा फोटोकडे नाही, समोरच्या पानाकडे झुकलेला ठेवा. रंगाचा बळी द्या, फोटोचा नाही. जितकं सुटेल तितक्या भागात लगेच बटर पेपर सरकवा, म्हणजे परत धरणार नाही.

मेणाचा_पुतळा
फ्लॉस मेणाचा घ्या, चांगला सरकतो.

जुना_अल्बम
आणि मेणाचा पट्टा फोटोवर उतरतो. नको.

रंगीत_खडू
बटर पेपर म्हणजे ट्रेसिंगचा की ओव्हनमधला? दोघांनाही बटर पेपरच म्हणतात.

शाईचा_डाग
महत्त्वाचा प्रश्न. ओव्हनमधला, सिलिकॉनचा थर दिलेला. ट्रेसिंगचा नुसता कागद असतो, तो ॲक्रिलिकला असा घट्ट बसतो की नंतर त्याच्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

लगदामास्तर
जाता जाता, कागदाचं श्रेय इ.स. 105 मधल्या त्साय लुनला देतात. झाडाची साल, भांगेचे तंतू, चिंध्या, जुनी मासेमारीची जाळी यांचा लगदा केला त्याने. तेव्हा ना जेल, ना ग्लॉस.

कात्रणवेडा
त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे चीनमध्येच सापडलेत, पहिला मान त्याला देऊ नका.

लगदामास्तर
पहिला म्हणालोच नाही, श्रेय देतात म्हणालो. वाचत जा.

घडीघालू
अवांतर आवरा. बाईंचे फोटो चिकटलेत आणि तुम्ही चीनमध्ये पोचलात.

चिकटपट्टी (गुरुवार, पहाटे 1:40)
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस मिनिटं, मग फ्लॉस. अकरा जोडपानांपैकी सात सुटली. रंग गेला काही ठिकाणी, फोटो ठीक. एक जोडपान पूर्ण फाटलं, पण त्यात फोटो नव्हता. तीन अजून धरून बसलीत, त्यातल्या दोनांत फोटो समोरासमोर आहेत. तिथे हात लावायची हिंमत नाही.

जुना_अल्बम
उत्तम. त्या दोनांवर झोपून उठून काम करा, रात्री दोनला नाही. धागा अडला की जोर लावू नका, दुसऱ्या बाजूने या. तरीही नाही सुटलं तर फोटोच्या कडेने मागचं पान कापून घ्या आणि चिकटलेला तुकडा फोटोवर राहू द्या. फोटो दुरुस्त करणारे जाणकार तो नंतर काढू शकतील. पांढरा डाग पडला की तो परत भरून येत नाही.

घडीघालू
आणि सुटलेल्या पानांची सपाटी आता विसरा. वही उभी, पंख्यासारखी उघडून ठेवा. वाकलेल्या पानांत वजन घालून सुधारणा करायला जाल तर सोमवारी पुन्हा इथेच भेटू. पुढच्या वेळी रंगकाम करायच्या पानाच्या मागल्या बाजूलाही जेसोचा (रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचा) एक हात द्या, दोन्हीकडून ओढ सारखी झाली की कागद कमी मुरडतो. आणि 300 जीएसएमचा जलरंगाचा कागद घ्या.

चिकटपट्टी
होता तो 120 चा. जाड वाटला होता.

घडीघालू
(इथे काही लिहिणार होतो, खोडलं.)

चिकटपट्टी (शुक्रवार, संध्याकाळी 6:05)
दहा जोडपानं सुटली. शेवटच्या दोनांपैकी एक पान कापावं लागलं. फोटोत मैत्रीण सायकलवर आहे आणि चाकाच्या जागी समोरच्या पानाचा निळा रंग बसलाय. तसाच ठेवला, खाली तारीख लिहिली. बाकी फोटो सगळे स्कॅन केले, आत्ता, उशिरा का होईना. प्रत्येक पानामध्ये ओव्हनवाला बटर पेपर घालूनच देणार आहे आणि पहिल्या पानावर लिहिणार आहे की तो काढू नये. मैत्रिणीच्या आईला अजून सांगितलेलं नाही. जुना_अल्बम, मनापासून आभार. लगदामास्तर, हातकागदाचं पुढच्या वेळी बघते, पण आत्ता मला कागदाचं नाव काढलं तरी नको वाटतंय.

लगदामास्तर
साच्याची मापं पाठवून ठेवतो.

मोबाईलवेडी
तरी म्हणत होते, ॲपवर करा.

नवा_पाहुणा
छान धागा. एक शंका, मध्ये घालायला ट्रेसिंगचा बटर पेपर चालेल का? घरात पडलाय.

घडीघालू
वर वाचा.