मदत हवी आहे: १ सैनिक, १०२७ कैदी आणि माझी पुतणी

मंडळी, पुतणीच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे 'युद्धकैद्यांची अदलाबदल करावी का'. तिच्याकडे विरोधी बाजू आणि तयारी माझ्या गळ्यात. उदाहरण घेतलंय गिलाद शालित या इस्रायली सैनिकाचं. २००६ मध्ये हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेच्या लोकांनी पकडून गाझात नेला, २०११ मध्ये इस्रायलच्या तुरुंगातल्या १०२७ कैद्यांच्या बदल्यात सुटला. त्याआधी, हातात वर्तमानपत्र धरलेली त्याची जेमतेम पावणेतीन मिनिटांची चित्रफीत मिळावी म्हणून इस्रायलने २० महिला कैदी सोडल्या होत्या, नुसत्या चित्रफितीसाठी! त्या १०२७ मध्ये याह्या सिनवार होता, जो पुढे हमासचा नेता आणि २०२३ मध्ये इस्रायलवर झालेल्या हल्ल्याचा सूत्रधार ठरला. इथवर सोपं आहे. पण समोरचा 'तुझा भाऊ असता तर?' म्हणाला की मीच गप्प होतो. यावर काय उत्तर द्यावं? इस्रायलच्या १९८५ च्या अदलाबदलीवर (३ सैनिकांसाठी ११५० कैदी) मराठीत काही वाचायला मिळेल का? स्पर्धा रविवारी आहे हो.