ख्रिस्ती कॉलेज, विद्यार्थी परिषद, मग वकिली: श्रद्धा घरी ठेवायची का?

रानवारा (धागाकर्ता)
अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजात राज्यशास्त्र शिकणारा, विद्यार्थी परिषदेवर निवडून आलेला, पुढे लॉ स्कूल करून राजकारणात उतरू पाहणारा विद्यार्थी डोळ्यासमोर आणा. त्याला एक सल्ला हमखास मिळतो: श्रद्धा घरी ठेव. मला हे अजिबात पटत नाही. मार्टिन ल्यूथर किंग बाप्टिस्ट पाद्री होते. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी जे पत्र लिहिलं, ते धर्मगुरूंनाच उद्देशून होतं. त्यांना कोणी श्रद्धा बाजूला ठेवून बोला म्हटलं असतं तर?

अट एकच. निर्णयामागचं कारण असं हवं, की ती श्रद्धा न मानणाऱ्यालाही तपासता येईल.

कोर्टकचेरी
असहमत. गुलामगिरीचं समर्थन करणारेही बायबलमधलेच दाखले देत होते. तेव्हा श्रद्धा माणसाला कुठल्या बाजूला नेईल याचा काही भरवसा नाही. १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या केनेडींना ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की मी कॅथलिकांचा उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि योगायोगाने कॅथलिक आहे. मला तीच भूमिका योग्य वाटते. विद्यार्थी नेत्यानेही तिथूनच सुरुवात करावी.

पिंपळपान
तुम्ही दोघं फार वरच्या पातळीवर बोलताय. विद्यार्थी परिषदेचं खरं काम म्हणजे विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे त्यांच्या संघटनांना वाटणं. व्हर्जिनिया विद्यापीठात ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या मासिकाला छपाईचे ५,८६२ डॉलर नाकारले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९५ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी विद्यार्थी जिंकले. इतर मासिकांना निधी देता, मग धार्मिक दृष्टिकोन आहे म्हणून हे वगळता येणार नाही, असा निकाल. पाचच वर्षांनी उलटं चित्र. विस्कॉन्सिन विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांची तक्रार होती की न पटणाऱ्या संघटनांना आमच्या फीचे पैसे का? २००० साली ते हरले. वाटप करताना विचारसरणी बघितली जात नसेल तर फी घेता येते, असं न्यायालय म्हणालं.

हे दोन्ही निकाल ज्याने लक्षपूर्वक वाचले, त्याला वकिली आणि राजकारण दोन्हींचा पाया कळला. पहिला निकाल आवडतो आणि दुसरा खुपतो, असं होत असेल तर तिथेच थांबून विचार करावा.

कोर्टकचेरी
माहिती चांगली, पण मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! दोन्ही विद्यापीठं सरकारी. संविधानाचं हे बंधन खाजगी ख्रिस्ती कॉलेजवर नाही. तिथली परिषद नावडत्या गटाला सरळ नाही म्हणू शकते. काही ठिकाणी तर श्रद्धेच्या निवेदनावर, म्हणजे मी हे हे मानतो अशा लेखी कबुलीवर, सही केल्याशिवाय प्रवेशही मिळत नाही. जिथे विरोधकच नाही, तिथे नेतृत्व कसलं शिकणार? असा मुलगा विधानसभेत गेला की पहिल्यांदाच वेगळ्या मताचा माणूस बघणार.

रानवारा
विरोधकच नाही, हे मान्य नाही. एकाच चर्चमधली माणसंसुद्धा स्थलांतरित, फाशी, कर यांवर कडाकडा भांडतात. मात्र बंधन नाही हा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. कायदा भाग पाडत नसताना परिषदेचा अध्यक्ष काय करतो? समजा, त्याला न आवडणाऱ्या गटाने सभागृह आणि वक्त्याच्या प्रवासखर्चासाठी अर्ज केला. आवडत्या गटाला विचारले तेच प्रश्न त्याने यांनाही विचारावेत: किती जण येतात, मागच्या वर्षीचा हिशोब कुठे आहे, खर्च कसा धरलाय. नाही म्हणायचं असेल तर कारण इतिवृत्तात लिहून ठेवावं, म्हणजे पुढच्या अर्जाला तीच फूटपट्टी लावता येईल.

कोर्टकचेरी
इतिवृत्ताचं पटलं. पण त्याला त्या भिंतींबाहेरही पाठवा. सुट्टीत एखाद्या कायदेशीर मदत केंद्रात बसू दे. घर रिकामं करण्याची नोटीस घेऊन आलेला भाडेकरू कुठल्या धर्माचा, हे तिथे कोणी विचारत नाही. तोवर मी माझ्या मतावर ठाम आहे.