कूलंट कमी होतंय, सकाळी गाडी मिसिंग करते. इंजिन खोलावं का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. घरची गाडी २०१४ ची, एक लिटर, तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक. पाऊस लागल्यापासून दोन त्रास एकदमच सुरू झालेत. सकाळी स्टार्ट केली की मिसिंग करते (एखादा सिलिंडर नीट पेट घेत नाही), स्टिअरिंग थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, मागून पांढरा धूर येतो. चिपळूणच्या बाजारपेठेत पोचेपर्यंत सगळं सुरळीत. दुसरं, कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली आठवड्याभरात मॅक्सवरून मिनच्या खाली जाते. गाडीखाली डाग नाही.

गॅरेजवाल्याने ऑइल भरायचं झाकण उघडून आतला दुधट साका दाखवला. म्हणाला, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील, ते गेलं की कूलंट ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये शिरतं) गेलंय, हेड उतरवून फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) करावं लागेल, २५ हजार धरून चाला. आईला डोळे दाखवायला कराडला न्यावं लागतं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. काय करावं? चांगलं वर्कशॉप कसं ओळखायचं तेही सांगा.

डोंगरवाट

हेड उतरवायची घाई नको. रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकून बघा. आमच्याकडे जुने ट्रकवाले चक्क हळद टाकायचे, काम भागायचं.

तेलपाणी

डोंगरवाट, आडरानात अडकल्यावर घर गाठण्यापुरतं ते ठीक. पण पावडर भोक आणि नळी असा भेद करत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्या तिने बुजतात. शिवाय गळती अर्धवट बंद झाली की ती शोधणं आणखी अवघड. तपास होईपर्यंत काहीही टाकू नका.

वाशिष्ठीकाठ, तुम्ही दिलेल्या लक्षणांवरून गॅस्केट गेलेलं असू शकतं, पण तेवढ्यावर इंजिन खोलू नका. तुमच्याकडचा पाऊस लक्षात घ्या. एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ओल्या हवेत, थंड सायलेन्सरमधून ते पांढऱ्या वाफेसारखं दिसतं. इंजिन तापल्यावर ते दिसेनासं होत असेल तर घाबरण्यासारखं नाही. गाडी पूर्ण तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर मात्र विषय गंभीर. झाकणाखालच्या साक्याचंही तसंच. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, बाष्प झाकणाला धरतं आणि ऑइलमध्ये घुसळून दुधट होतं. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) पुसून बघा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर त्या साक्यावर निकाल देता येत नाही.

इंजिन न खोलता होणाऱ्या दोन तपासण्या आधी मागा. पहिली प्रेशर टेस्ट. थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावायचा, कॅपवर जो आकडा असतो, ०.९ किंवा १.१, तेवढाच दाब द्यायचा आणि काटा बघत बसायचं. काटा उतरला तर टॉर्च घेऊन वॉटर पंप (कूलंट फिरवणारा), होस, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीची शिवण, सगळं तपासायचं. पायाखालचं कार्पेट ओलं आहे का तेही. हीटरची गळती गाडीच्या आत होते, म्हणून खाली डाग पडत नाही. दुसरी गॅस टेस्ट. निळ्या द्रवाची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरून इंजिन चालू ठेवतात. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळं पिवळं होतं. वर्कशॉप ओळखायचा माझा निकष हाच: या दोन गोष्टी त्यांच्याकडे आहेत का, आणि तुमच्यासमोर करतात का. नसतील तर लांबचं वर्कशॉप परवडलं.

मिसिंगचं वेगळं बघा. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड घ्या. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा.

सह्यकडा

एक जोड. बाटलीत दिसतं तेवढंच रेडिएटरमध्ये आहे असं समजू नका. कॅपचा रबर गेला की थंड होताना बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं होतं. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असतानाच कॅप उघडून बघा. गरम असताना हातही लावू नका. दाबाखाली पाणी १०० अंशांवरही उकळत नाही, पण कॅप सुटताक्षणी उकळी फुटते आणि थेट तोंडावर येते.

आणि घाट तूर्तास टाळाच. पातळी फार खाली गेली की सेन्सर पाण्याऐवजी वाफेत लोंबतो, मग लाल दिवा वेळेवर लागेलच असं नाही. तोवर आईंना एसटीने न्या.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. रत्नागिरीत दोन्ही टेस्ट करणारे सापडले, समोर उभं राहून करून घेतल्या. डिपस्टिक स्वच्छ. गॅस टेस्टमध्ये द्रव निळाच राहिला. प्रेशर टेस्टला काटा हळूहळू उतरला, पण थेंब कुठेच दिसेना. मग त्यांनी बेल्टचं कव्हर काढून आरसा धरला. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला बारीक भोक आहे, तिथून खाली गुलाबी-पांढरा, चुन्यासारखा वाळलेला ओघळ होता. कोड पी०३०३ आलाय. ते म्हणतात पंप बदलू, मिसिंगचं नंतर बघू. गॅस टेस्टवर एवढा विश्वास ठेवावा का?

तेलपाणी

ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाचं सील गळू लागलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर पडावं म्हणून. तापलेल्या इंजिनवर ते जागीच वाळतं, रंग मागे राहतो, जमिनीवर डाग पडत नाही. पंप बदलाच. बेल्ट भिजला असेल तर तोही. रेडिएटर कॅप नवी घ्या, किरकोळ खर्च आहे.

एका टेस्टवर सगळा भार टाकू नका, हे बरोबर. म्हणून तीन नंबरचा प्लग काढून बघा. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल तर तो प्लग इतरांपेक्षा वेगळा, वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. तिन्ही सारखेच तांबूस-करडे असतील तर तीनची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) एकवर आणि एकची तीनवर लावा, कोड पुसा, सकाळी पुन्हा चालवा. पी०३०१ आला तर दोष कॉइलचा. तीनवरच राहिला तर प्लग, इंजेक्टर आणि मग कॉम्प्रेशन, या क्रमाने जा. पावसाळ्यात कॉइलच्या रबराला चीर असली की ओलाव्यातून ठिणगी बाहेर पळते. इंजिन तापून ओल सुकली की गाडी सुरळीत. गॅस्केटच्या गळतीतही सकाळीच मिसिंग आणि नंतर ठीक असं होतं, त्यामुळे गफलत होते. दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू मात्र नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) खातं.

वाशिष्ठीकाठ

प्लग तिन्ही सारखे. कॉइल अदलाबदल केली, सकाळी पी०३०१ आला. कॉइल काढून वाकवली तर रबराला उभी चीर दिसते. नवी कॉइल आणि पंप दोन्ही सांगितलेत. कूलंट कोणतं भरू? दुकानदार म्हणतो हिरवं-गुलाबी सारखंच.

सह्यकडा

रंगावर जाऊ नका. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि जुन्यात मिसळू नका, पूर्ण काढून भरा. तयार मिश्रण नसेल तर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतात. भरल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवा, फॅन दोनदा लागून बंद होऊ द्या, म्हणजे अडकलेली हवा निघते. दुसऱ्या सकाळी थंड असताना पुन्हा पातळी बघा, थोडी उतरलेली असते. त्यानंतर आठवडाभर गावातल्या गावात चालवून पातळी हलली नाही, तर कुंभार्लीला हरकत नाही.

काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेततं. डब्यात भरून वर्कशॉपला परत द्या, सांडलेलं भरपूर पाण्याने धुवा.