बारा जागांची यादी आणि लूक 14

मी: रविवारी उपासनेनंतरच्या जेवणाला बारा जागा आहेत. यादी करायला बसले तर आठ नावं आपल्याच गोतावळ्यातली निघाली. बायबलमधल्या लूक 14:12-13 मध्ये येशू म्हणतो, जेवणाला आप्तमित्रांना नको, गरीब, अपंग, आंधळ्यांना बोलव. ते वाचून यादी पुन्हा करायची ठरवलंय. कुणाला वगळू?

दादा: शब्दशः घेतलंस तर सगळ्यांनाच. मित्र, भाऊ, नातलग, धनवान शेजारी. चौघांनाही नको म्हटलंय.

मोठे काका: इतकं सरळ नाही ते. हे सांगितलं तेव्हा प्रभू स्वतः एका परूश्याच्या (कर्मठ यहुदी पंथातल्या माणसाच्या) घरी जेवायला आलेला होता. मार्था आणि मरीयेच्या घरीही तो जायचा. ग्रीकमध्ये तिथे वर्तमानकाळी आज्ञार्थ आहे, म्हणून बरेच भाष्यकार "त्यांनाच बोलावत राहू नकोस" असा अर्थ घेतात. शिवाय कारण त्याच वचनात दिलंय: तेही तुला उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. हिशेब तिथेच मिटला.

दादा: पण 14 व्या वचनात "नीतिमानांच्या पुनरुत्थानाच्या वेळी फेड होईल" आहेच की. म्हणजे अपेक्षा सुटली नाही, नुसती मुदत वाढली 🙂

मोठे काका: फेडणारा कोण ते बघ ना. पाहुणा नव्हे. नीतिसूत्रे 19:17 म्हणतं, दरिद्र्यावर दया करणारा परमेश्वराला उसने देतो. उसनं देवाच्या नावावर लिहिलं गेलं की जेवणारा सुटला. त्याने आभार मानले नाहीत, पुढच्या रविवारी उपासनेला आला नाही, चारचौघांसारखा वागला नाही, तरी तो तुझं काही देणं लागत नाही. आपल्याकडे नेमकं इथेच घसरतं. पैशाची परतफेड कुणी मागत नाही, पण "निदान प्रार्थनेला तरी थांबायचं" हे मनात असतं.

मामी: म्हणूनच जेवणाआधी संदेश, म्हणजे प्रवचन, ठेवू नका. भुकेल्या माणसाला अर्धा तास बसवून ऐकवणं म्हणजे जेवणाची किंमत वसूल करणं. दोन ओळींची प्रार्थना, की वाढायला घ्या. दानपेटी त्या दिवशी हॉलच्या दारातून हलवा. नुसती दिसली तरी माणूस खिसा चाचपतो.

मामी: यादीचं म्हणशील तर बारात घरचे चार, बाहेरचे आठ. चारापेक्षा जास्त घेतले की आपली माणसं आपसातच बोलत बसतात. दोन पाहुण्यांमागे घरचं एक माणूस, त्यांच्या मध्ये बसलेलं, वाढायला उभं नव्हे. जेवण एकच, ताटंही एकसारखी. आमंत्रण दोन-तीन दिवस आधी, तोंडी, आणि किती वाजता संपेल तेही सांगायचं. "गरिबांसाठी जेवण" हे शब्द कुठेच येऊ देऊ नकोस. आणायला कोण जाणार हे सगळे लिहितात, पोहोचवायला कोण जाणार हे राहून जातं. दोन्ही नावं लिही.

मी: आठांत एक व्हीलचेअरवर आहेत, एकांना दिसत नाही. हॉलच्या दाराशी 15 सेंटीमीटरची एक पायरी आहे.

ताई: उतार 1:12 लागतो. 15 सेंटीमीटरला किमान 1.8 मीटर लांब फळी. त्याहून आखूड लावलीस तर खुर्ची मागे कलंडायची भीती. दार उघडल्यावर मोकळी जागा किमान 80 सेंटीमीटर आहे का ते टेपने मोज. चौकटीचं माप धरू नकोस, दाराची जाडी त्यातून वजा होते. टेबलाजवळची एक खुर्ची ते येण्याआधीच काढून ठेव. सगळ्यांसमोर "सरका, सरका" झालं की त्यांना ओझं झाल्यासारखं वाटतं. स्वच्छतागृहाचं दारही मोज, ते नेहमी विसरतं.

ताई: दिसत नाही त्यांचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढे करायचं, ते धरतील. ताटातलं घड्याळाप्रमाणे सांगायचं: बाराच्या जागी हे, तीनच्या जागी ते. मध्येच उठून जाताना "मी उठतेय" म्हणायचं, नाहीतर ते रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतात. आणि काय हवं ते त्यांनाच विचारा, सोबत आलेल्याला नाही.

वहिनी: ग्रुपवर टाकायला फोटो काढू ना?

मोठे काका: नको गं. मत्तय 6:2 मध्ये कर्णा वाजवून दान करणाऱ्यांबद्दल "ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत" असं आहे ना, तिथला ग्रीक शब्द, अपेखो, त्या काळी पैसे मिळाल्याच्या पावतीवर लिहीत. भरून पावलो, बाकी काही नाही. फोटो म्हणजे तीच पावती.

वहिनी: बरं, भांड्यांचा काढते 😄

मी: एक आजी मागे आल्या तेव्हा स्वतः काहीतरी करून घेऊन येणार म्हणत होत्या. नको सांगू का?

मामी: अजिबात नको! आणू दे, आणि त्याच टेबलावर वाढ. कुणी भांडी घासायला उठलं तर घासू दे.

मोठे काका: मामी बरोबर सांगतायत. अपेक्षा न ठेवणं आणि घ्यायला नकार देणं, यात फरक आहे. यहुदी ज्यांना टाळत त्या शोमरोनी समाजातल्या स्त्रीकडे प्रभूने स्वतः पाणी मागितलं. नेहमी देणाराच राहायचा हट्टही गर्वच. उलट बाजूने शूनेम गावची ती बाई बघा, 2 राजे 4. अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर खोली बांधली. पलंग, मेज, खुर्ची, दिवा. चारच वस्तू, पण प्रवाशाला लागणाऱ्या नेमक्या. अलीशाने विचारलं, राजाकडे तुझ्यासाठी शब्द टाकू का? ती म्हणाली, मी आपल्या लोकांत राहते. विषय संपला.

दादा: जेवणाचं पटलं. पण राहायला येणारे? महिनाभर हलत नाहीत अशीही माणसं असतात. तिथेही गप्प बसायचं?

मोठे काका: मर्यादा घालणं म्हणजे अपेक्षा ठेवणं नव्हे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचं "डिडाखे" नावाचं छोटं पुस्तक आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्याचं हस्तलिखित सापडलं. त्यात नियम स्पष्ट आहेत. वाटसरूला जमेल तितकी मदत करा, पण तो दोन दिवस राहील, गरज पडली तर तीन. स्थायिक व्हायचं असेल आणि हाताला कसब असेल तर काम करून जेवावं. कसब नसेल तर तुम्ही आपल्या समजुतीने त्याची सोय लावा. ऐकत नसेल तर तो "ख्रिस्ताचा व्यापार करणारा". शब्द भारी आहे की नाही? तर पहिल्याच दिवशी मुदत सांगायची. तिसऱ्या दिवशी तोंड वाकडं करण्यापेक्षा ते बरं. 1 पेत्र 4:9 मध्ये "कुरकुर न करता" उगाच नाही घातलं.

मोठे काका: आणि निघताना पुढच्या टप्प्याची सोय करायची, 3 योहान 6. नुसतं दारापर्यंत जाणं म्हणजे पोहोचवणं नव्हे.

ताई: अनोळखी माणूस घरात राहणार असेल तर घरात दोन मोठी माणसं हवीत, झोपायची खोली मुलांपासून वेगळी हवी, आणि मंडळीतल्या कुणा जबाबदार माणसाला आधी कळवलेलं हवं. हे अविश्वासाचं नाही. बेनेडिक्टच्या मठाच्या नियमातसुद्धा, सहाव्या शतकात, पाहुण्याला ख्रिस्तच समजून घ्या म्हटलंय, पण आलिंगनाच्या आधी प्रार्थना ठेवली आहे, सैतानाच्या फसवणुकीपासून जपायला म्हणून.

मोठे काका: त्याच 53 व्या प्रकरणात पाहुण्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवलंय आणि त्यावर वर्षभरासाठी दोन बंधू नेमलेत. पाहुणा अवेळी येतो, त्याने बाकीच्यांची घडी विस्कटू नये म्हणून. एकाच बाईवर सगळं टाकलं की कुरकुर होणारच.

मामी: हे ठळक अक्षरात लिहून भिंतीवर लावा 🙏

मी: उरलेलं बांधून द्यायचं का?

मामी: उरलेलं नाही. वाढायच्या आधीच वेगळं काढ, नाहीतर ते उष्टं वाटतं. गरम ठेवायची सोय नसेल तर शिजलेलं अन्न दोन तासांपुढे बाहेर ठेवू नकोस. डबे दाराजवळ टेबलावर ठेव, सगळ्यांसाठी, घरच्यांसाठीसुद्धा. हातात देऊ नका, तिथे उभंही राहू नका.

मोठे काका: रूथ 2:16. गरीब रूथ शेतात सांडलेलं वेचायला आली होती. शेतमालक बवाजाने गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम काही ओंब्या काढून टाका आणि तिला वेचू द्या, दटावू नका. संध्याकाळी झोडून तिच्याकडे एफाभर जव निघाले, साधारण 22 लिटर. कुणी दिलं हे तिला वेचताना जाणवलंही नसेल.

दादा: ठीक. आणायला मी. पोहोचवायलाही मीच.

मी: मग यादी अशी: घरचे चार, बाहेरचे आठ, डबे बारा. 1.8 मीटरची फळी कुणाकडे आहे?

वहिनी: आहे एक, पण 1.5 ची.

ताई: नाही चालणार.