वाढलेल्या साखरेमुळे इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी कायमच्या निकामी होतात का?

प्रश्न (दादर)
माझ्या यजमानांचे वय ४६ आहे. मागच्या महिन्यात त्यांची उपाशीपोटीची साखर २८६ आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ११.२ निघाल्यावर डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर लगेच इन्सुलिनही सुरू केले, तेही काही आठवड्यांपुरतेच. एकदा सुई लागली की सुटत नाही, म्हणून सासूबाई धास्तावल्या आहेत. साखरेमुळे त्या पेशींचे नेमके काय होते आणि त्या पुन्हा काम करू लागतात का?

उत्तर (परळ)
ताई, मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. स्वादुपिंडातील बीटा पेशी रक्तातील साखर आत घेऊन जाळतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेच्या प्रमाणात इन्सुलिन सोडतात. साखर सतत चढी राहिली की या ज्वलनातून घातक ऑक्सिजन-रेणू साठू लागतात, आणि त्यांना निष्प्रभ करणारी कॅटॅलेजसारखी विकरे या पेशींत मुळातच फार कमी असल्याने इन्सुलिनचे जनुक चालू ठेवणारी पीडीएक्स-१ आणि माफा ही प्रथिने क्षीण होत जातात. काही पेशी मरतात. पुष्कळशा मात्र जिवंत राहूनही काम थांबवतात, आणि उपचारांची भिस्त याच पेशींवर असते. बाहेरून इन्सुलिन देऊन साखर उतरवली की त्यांना उसंत मिळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील अभ्यासात नव्याने निदान झालेल्या रुग्णांना काही आठवडेच इन्सुलिन दिले होते. त्यांतील जवळपास निम्म्यांची साखर वर्षभरानंतरही औषधाविना आटोक्यात होती. सासूबाईंना हे अवश्य सांगा.

उत्तर (मुलुंड)
वरील माहिती योग्यच आहे, पण उशीर महागात पडतो. ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासानुसार निदान होते तेव्हाच बीटा पेशींची सुमारे निम्मी क्षमता गेलेली असते. वजन जास्त असेल, तर ते उतरवण्याचाही मोठा उपयोग होतो.

एक काळजी मात्र घ्या. पेशी सावरू लागल्या की इन्सुलिनची गरज घटते आणि तीच मात्रा जड होऊन साखर फार खाली जाऊ शकते. लोकल रखडून जेवण लांबले आणि घाम सुटला, हात थरथरू लागले, तर लगेच साखर खायला हवी. खिशात ग्लुकोजची पुडी असू द्या.

प्रश्नकर्ती
दोघांचेही आभार. या आठवड्यात त्यांची सकाळची साखर १३०च्या आसपास येते आहे. मात्रा कमी करायची का, हे उद्याच नोंदवही दाखवून डॉक्टरांना विचारते.