शब्दचर्चा: 'बोल्ड जिऑमेट्रिक डिस्प्ले टाइपफेस' मराठीत कसं लिहावं?

प्रश्न: पोस्टर आणि ब्रँडिंगसाठी केलेल्या एका टाइपफेसची (म्हणजे एकाच धाटणीच्या अक्षरसंचाची) माहिती मराठीत लिहितोय. 'ठळक भौमितिक प्रदर्शनीय टंक' असं लिहून पाहिलं, पण वाचताना जीभ अडखळते. 'डिस्प्ले'ला 'शोभेचा' चालेल का?

उत्तर: 'शोभेचा' अजिबात नको, अर्थच बदलतो. डिस्प्ले टाइप म्हणजे मोठ्या आकारात वापरायचा टाइप. त्यात नक्षी असेलच असं नाही. पुस्तकाचा मजकूर दहा-बारा पॉइंटात सलग वाचायचा असतो, म्हणून अक्षरांच्या पोकळ्या (रेघांनी वेढलेली आतली जागा) मोकळ्या आणि मधली जागा सैल ठेवतात. पोस्टरवर अक्षरं एकमेकांना खेटून बसली तरी चालतं. तोच टाइप परिच्छेदाला लावा, म्हणजे पोकळ्या बुजून 'घ' आणि 'ध' ओळखू येईनासे होतात. तेव्हा सरळ 'मथळ्याचा टाइप' म्हणा.

प्रश्न: आणि 'बोल्ड'? 'ठळक' तर रूढच आहे ना?

उत्तर: रूढ आहे, पण 'ठळक' नेहमी कशाच्या तरी तुलनेत असतं. फाँटच्या वजनांत, म्हणजे रेघेच्या जाडीच्या आकड्यांत, 400 म्हणजे साधं, 700 म्हणजे ठळक. ज्या टाइपला मुळात एकच जाड वजन आहे, तिथे ही तुलनाच उरत नाही. मला 'भरदार' आवडतो. रेघ जाड आहे आणि अक्षराला अंग आहे, हे दोन्ही त्यात येतं.

आणखी एक मत: 'भरदार' छान. 'भौमितिक'बद्दल मात्र एक पुस्ती जोडतो. हा शब्द वाचून लोकांना वाटतं, कंपासनं वर्तुळ काढलं की झालं इंग्रजी 'O'. जर्मन टाइप डिझायनर पाउल रेनर यांचा 1927 सालचा 'फ्युचुरा' हा भौमितिक घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध टाइप, पण त्यातही डोळ्यासाठी बारीक दुरुस्त्या आहेत. आडवी रेघ उभीइतकीच जाड ठेवली तर ती जास्त जाड दिसते, म्हणून किंचित बारीक करतात. गोल अक्षर चौकोनी अक्षराच्या उंचीचंच ठेवलं तर बुटकं वाटतं, म्हणून ते वर-खाली थोडं बाहेर काढतात. जाड वजनात दोन रेघा मिळतात तिथे काळा गोळा होतो. तिथे रेघ निमुळती करावीच लागते. तेव्हा 'भौमितिक वळणाचा' म्हटलं तर जास्त खरं.

देवनागरीत हे काम आणखी अवघड. आपल्या अक्षरांची जाड-बारीक रेघ बोरूतून आली आहे आणि भौमितिक टाइपमध्ये ती जवळजवळ एकाच जाडीची करावी लागते. 'पॉपिन्स' या भौमितिक फाँटची देवनागरी पाहा, लगेच कळेल. शिवाय शिरोरेषा जाड झाली की खाली अक्षराला जागा कमी उरते, आणि 'ष्ट्र'सारखं जोडाक्षर आलं की कसोटीच लागते.

प्रश्न: मग 'पोस्टर आणि ब्रँडिंगच्या मथळ्यांसाठी भौमितिक वळणाचा भरदार टाइप' असं लिहू?

उत्तर: लिहा. फक्त 'मथळ्यांसाठी'च्या पुढे 'आणि बोधचिन्हांसाठी' जोडा. ब्रँडिंगमध्ये मथळ्याइतकंच तेही येतं.