मदत हवी आहे: दशलक्षण २०२६ नक्की १५ सप्टेंबरपासून का १६ पासून? (आम्ही न्यू जर्सीत)

जय जिनेंद्र मंडळी,

सासूबाई इचलकरंजीहून आल्यात, दिवाळीआधी परत जातील, आणि सोळाकारण (महिनाभराचं व्रत), दशलक्षण (आपलं दिगंबरांचं पर्युषण, भाद्रपद शुक्ल पंचमी ते चतुर्दशी) दोन्ही इथेच करणार म्हणतायत. उपासाचं टेन्शन नाही, दहा दिवस एकासन (दिवसातून एकदाच जेवण) आणि पंचमी-चतुर्दशीला कडक उपास त्या आरामात करतात (डोकं माझं दुखतं). घोळ तारखांचा आहे. भिंतीवर मराठी कॅलेंडर, फोनमध्ये हिंदी जैन पंचांगाचं ॲप आणि व्हॉट्सॲपवर बस्तीतून (गावच्या जैन मंदिरातून) आलेली यादी, तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

ॲप म्हणतंय षोडशकारण (म्हणजे सोळाकारणच) व्रत भाद्रपद कृष्ण १ ला सुरू. आपल्या कॅलेंडरमध्ये भाद्रपद वद्य १ शोधली तर ती अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर येते, मग हे कसं काय? आई म्हणतात, "आमच्याकडं राखी झाली की लगेच धरतात, त्यात काय बघायचंय."

दुसरं, ऋषिपंचमी १५ ला छापलीय पण यादीत दशलक्षण १६ पासून. त्यात मी ॲपमध्ये इथलं लोकेशन टाकलं तर पंचमी १५ लाच दाखवली, चतुर्दशी मात्र २५ लाच, म्हणजे दहाचे अकरा दिवस झाले! आता उत्तम क्षमा, म्हणजे दशलक्षणाचा पहिला दिवस, कधी? ऑफिसात रजा टाकायचीय म्हणून घाई आहे. शेजारच्या गुजराती काकूंचं पर्युषण आठ दिवसांचं, त्यांची संवत्सरी (शेवटचा दिवस) झाली की आपलं सुरू एवढं माहितीय, पण त्यांच्यातही संवत्सरी चतुर्थीला करणारे चौथवाले आणि पंचमीला करणारे पाचमवाले आहेतच.

वारणाकाठ: सोळाकारणाचं आईंचं बरोबर आहे, त्यांचंच ऐका. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला, त्यामुळे त्यांचा भाद्रपद कृष्ण म्हणजे आपला श्रावण वद्य. शुक्ल पक्षात काही फरक नाही, म्हणून महावीर जयंती, अक्षय तृतीया, अष्टान्हिका (आठ दिवसांचं पर्व) यात कधी गोंधळ होत नाही, भानगड सगळी वद्यातल्या तिथींची. क्षमावाणीपण (एकमेकांची क्षमा मागायचा दिवस) तसंच, त्यांच्याकडे आश्विन कृष्ण १ लिहिलेलं असतं आणि आपली भाद्रपद वद्य १, दिवस एकच. गुजराती पंचांग आपल्यासारखंच अमावास्येचं, त्यामुळे काकूंशी महिन्याचं जुळेल.

पंचांगप्रेमी: १५/१६ चं सांगतो. ऋषिपंचमीला दुपारची तिथी बघतात, आपल्यात सूर्योदयाची. १५ ला भारतात सूर्य उगवताना चतुर्थीच आहे, सकाळी आठच्या आत संपते, म्हणून यादीत १६. पण सूर्योदयानंतर तिथी निदान सहा घटिका, म्हणजे २ तास २४ मिनिटं टिकली पाहिजे असाही नियम आहे, आणि १६ ची पंचमी सकाळीच संपते, त्यामुळे एखाद्या गावात १५ पण धरतील, भांडू नका. तुमच्याकडे घड्याळ साडेनऊ तास मागे, भारतात १५ ची सकाळ तेव्हा तिथे १४ ची रात्र, मग १५ ला तुमचा सूर्य उगवेपर्यंत पंचमी लागलेली असणारच. ॲप चुकत नाहीये.

वारणाकाठ: हो पण ते अकरा दिवस कसे वाटणार? मी तरी भारताच्या तारखा धरीन, आईंना इचलकरंजीच्या बस्तीतली पूजा ऑनलाइन बघायची असणार, इथे मार्दव (दुसरा दिवस) चालू आणि तिकडे क्षमा असं नको.

पंचांगप्रेमी: मला ते पटत नाही. सूर्यास्ताआधी जेवायचं ते न्यू जर्सीच्या सूर्यास्ताआधी ना, मग तिथी तेवढी भारताची का? पण व्यवहार म्हणाल तर जवळच्या जैन सेंटरला विचारा, दहा दिवस पूजा तिथेच करणार असाल तर त्यांची तारीख तीच तुमची.

धागाकर्ती: थँक्यू दोघांनाही. आईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या १५ पासून धरू, एक दिवस जास्त झाला तर काय बिघडतंय 😄 २५ ला शुक्रवार आहे, त्याची रजा टाकली. आता एकच सांगा, २६ ला पारण्याला मुगाचं कढण चालेल का आधी नुसतं गरम पाणी देऊ, वय ७० च्या पुढे आहे.

वारणाकाठ: आधी पाणी, मग कढण, तेही पातळ. आणि सूर्योदय झाल्याशिवाय नाही, नाहीतर आईच घेणार नाहीत.